परदेशात कॉम्प्युटर सायन्सचं एमएस: यादी करण्याआधी खोका उघडा

गेल्या महिन्यात एका रविवारी ताई, दाजी आणि भाची सांगलीत विश्रामबागला आमच्याकडे आले. दाजींच्या हातात नेहमीसारखी घरच्या बेदाण्याची पिशवी आणि भाचीच्या हातात लॅपटॉप. ती इथंच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चहा यायच्या आधीच तिनं एक्सेल उघडून माझ्यापुढं सरकवलं. बावीस युनिव्हर्सिट्या आणि चार रकाने: नाव, क्यूएस रँक (विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीतला नंबर), वर्षाची फी, जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते की नाही.

"मामा, यातल्या दहा फायनल करून द्या."

"प्रोग्रॅमचा रकाना कुठं आहे?"

"सगळीकडं एमएस सीएसच की."

मी दाजींकडं वळलो. "दाजी, तासगावच्या सौद्यात व्यापारी बेदाणा कसा घेतो?"

"कसा म्हणजे? खोका फोडून. मूठभर हातात घेतो, रंग बघतो, चिकट आहे का बघतो, दोन दाणे तोंडात टाकतो."

"बागायतदाराचं नाव मोठं असलं तर?"

"नाव असू दे की. खोका फोडल्याशिवाय बोली कोण लावतंय?"

तिच्या बावीसमधला एकही खोका उघडलेला नव्हता. मी तिला बोलायच्या लायकीचा नाही, कारण २०११ साली मी स्वतः असाच गेलो होतो. युनिव्हर्सिटी नावाजलेली होती, ती कुठली ते सांगत बसत नाही. प्रोग्रॅमच्या नावात 'कॉम्प्युटर' हा शब्द होता, तेवढ्यावर मी खूश. तिथं पोचल्यावर कळलं की आमचा प्रोग्रॅम वेगळ्याच विभागाचा, आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्ससारख्या विषयांच्या जागा आधी कॉम्प्युटर सायन्स विभागाच्या मुलांना मिळतात. उरल्या तर आम्हाला. दोन सेमिस्टर मी वेटिंग लिस्टवर काढली. ज्या विषयासाठी कर्ज काढून गेलो, तो शेवटी यूट्यूबवर शिकलो.

एकाच पाटीखालची वेगवेगळी दुकानं

आपल्याकडं 'एमएस' हा एक शब्द आहे, तिकडं त्याच्या पोटात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे थिसिसचं एमएस. एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन करायचं आणि प्रबंध लिहायचा. जागा कमी असतात, पण टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळाली तर बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि वर महिन्याचा खर्च निघतो. दुसरी गोष्ट नुसत्या कोर्सवर्कची, दहाएक विषय पास व्हा आणि पदवी घ्या. तिसरा प्रकार प्रोफेशनल मास्टर्सचा. हा नोकरी डोळ्यापुढं ठेवून बांधलेला असतो, जागा जास्त असतात आणि फी बहुधा स्वतःच्या खिशातून जाते.

गंमत म्हणजे एकाच युनिव्हर्सिटीत हे सगळे प्रकार शेजारी शेजारी नांदतात. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवर 'एमएस इन कॉम्प्युटर सायन्स' आहे आणि 'मास्टर ऑफ कॉम्प्युटर सायन्स', म्हणजे एमसीएस, हेही आहे. पहिला संशोधनाचा, थिसिसवाला. दुसरा थिसिस नसलेला. विभाग एकच, पण निवडीचे निकष आणि पैशाचं गणित वेगळं. टोरांटोत संशोधनाचं एमएस्सी आहे आणि त्याच्या शेजारी 'अप्लाइड कॉम्प्युटिंग'चं एमएस्सी, ज्यात आठ महिन्यांची इंटर्नशिप अभ्यासक्रमाचाच भाग आहे. कार्नेगी मेलनमध्ये तर कॉम्प्युटर सायन्सची अख्खी स्कूल आहे. तिच्या पोटात मशीन लर्निंग, रोबोटिक्स, भाषा तंत्रज्ञान यांचे वेगवेगळे विभाग आहेत आणि त्यांची मास्टर्सही वेगवेगळी. 'मला सीएमयू पाहिजे' म्हणणं म्हणजे मार्केट यार्डात जाऊन 'माल पाहिजे' म्हणण्यासारखं झालं. हळद, गूळ की बेदाणा ते सांगाल की नाही?

भाचीच्या यादीतल्या एका नावावर आम्ही तिथंच क्लिक केलं. त्या एका युनिव्हर्सिटीत तिच्या विषयाशी नातं सांगणारी पाच मास्टर्स निघाली. एक इंजिनिअरिंग कॉलेजचं, एक इन्फर्मेशन स्कूलचं, एक बिझनेस स्कूलचं. तिनं फी लिहिली होती एकाची आणि प्रवेशाची अट दुसऱ्याची. बावीस ओळींपैकी असा घोळ सात ओळींत होता.

रँक नेमकं काय मोजतो

क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत सगळ्यात मोठा वाटा, १०० पैकी ३०, शैक्षणिक प्रतिष्ठेला आहे. ती ठरते जगभरच्या प्राध्यापकांना विचारून. २० गुण दर प्राध्यापकामागच्या सायटेशन्सना, म्हणजे इतरांनी त्यांच्या संशोधनाचा किती वेळा हवाला दिला त्याला, आणि १५ कंपन्यांमधल्या नावाला. हे सगळं पूर्ण विद्यापीठाचं असतं, त्यात मेडिकल आलं, इतिहासही आला. क्यूएस विषयवार यादीही काढते, पण तिचाही पाया मुख्यतः प्रतिष्ठा आणि संशोधन हाच आहे. एमएसच्या वर्गात किती मुलं कोंबली आहेत, हवा तो विषय मिळतो का, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं.

कॉम्प्युटर सायन्सवाल्यांसाठी 'सीएसरँकिंग्ज' ही जास्त कामाची गोष्ट आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट कॅम्पसचे प्राध्यापक एमरी बर्जर यांनी ती सुरू केली. कुणाचं मत विचारायचं नाही. निवडक मोठ्या परिषदांमध्ये कुठल्या विभागाच्या प्राध्यापकांचे किती पेपर आले ते मोजायचं, आणि एका पेपरचे चार लेखक असतील तर श्रेय चौघांत वाटून द्यायचं. अर्थात तीही संशोधन मोजते, शिकवणं नाही. पण तिचा एक फार छान उपयोग आहे. सगळे विषय बंद करून फक्त तुमच्या आवडीचा चालू ठेवायचा, समजा डेटाबेस. मग यादी अशी उलटसुलट होते की ज्यांची नावं आपल्या घरी कुणी ऐकलेली नाहीत असे विभाग वर येतात. भाचीला कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारी सॉफ्टवेअरं, आवडतात. तिनं तसं केलं आणि पाच मिनिटं काही बोललीच नाही.

क्रमवारीकडं बघावंच लागतं अशी एक जागा मात्र आहे, ती म्हणजे शिष्यवृत्ती. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिथं क्यूएसमधलं स्थान ही पात्रतेचीच अट असते. अशा योजनेतून जाणार असाल तर त्या वर्षीची जाहिरात समोर ठेवूनच यादी करा.

खोका उघडायचा म्हणजे काय करायचं

माहितीपत्रकात विषयांची लांबलचक यादी असते. ती वाचू नका, निदान तिच्यावर थांबू नका. हॉटेलच्या मेनूकार्डावर सगळंच असतं, आज काय केलंय ते वेटरला विचारावं लागतं. बहुतेक अमेरिकन युनिव्हर्सिट्यांचं सेमिस्टरचं वेळापत्रक कुणालाही ऑनलाइन बघता येतं. मागच्या दोन सेमिस्टरची वेळापत्रकं काढा. तुम्हाला हवे ते पाच विषय खरोखर चालवले गेले का? वर्ग किती मोठा होता? वेटिंग लिस्ट होती का? शिकवणारा माणूस कोण? आणि माझा धडा: तो विषय तुमच्या प्रोग्रॅमच्या मुलांना खुला आहे की 'फक्त विभागासाठी' अशी बारीक टीप खाली दिली आहे? ही टीप मी २०११ मध्ये वाचली असती तर हा लेख कदाचित लिहिलाच नसता.

त्यानंतर जुने विद्यार्थी. प्रोग्रॅमच्या पानावर ज्यांचे हसरे फोटो असतात ते सोडून द्या. लिंक्डइनवर त्या नेमक्या प्रोग्रॅमचं नाव टाकून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं शोधा, आणि त्यातही आपल्यासारखी, म्हणजे अनुभव नसताना भारतातून थेट गेलेली. आधी चार वर्षं मोठ्या कंपनीत काम करून गेलेल्याला तिथं नोकरी लागली, यात प्रोग्रॅमचं कर्तृत्व किती हे सांगता येत नाही. 'नोकरी लागली का' असं विचारलं की लोक अवघडतात. 'पुन्हा निवडायचं झालं तर हाच प्रोग्रॅम घ्याल का' असं विचारा, भरभरून बोलतात.

फुकट सल्ला देणाऱ्या कन्सल्टन्सीबद्दल दोनच वाक्यं. तुमच्याकडून पैसे घेत नाहीत म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तरी घेत असणार; बऱ्याच युनिव्हर्सिट्या एजंटला प्रवेशामागं कमिशन देतात. यात बेकायदा काही नाही, फक्त त्यांनी दिलेली यादी कुणाच्या सोयीची आहे एवढं ध्यानात असू द्या.

आपलं गुणपत्रक तिकडच्या चष्म्यातून

जर्मनीचं उदाहरण घेतो, कारण तिथं हिशोब उघडा असतो. आपला सीजीपीए त्यांच्या १ ते ४ च्या मापात बसवायला एक सूत्र वापरतात. सर्वोच्च शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, सर्वोच्च आणि किमान पास गुण यांच्यातल्या फरकानं भागायचं, तिनानं गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास.

भाचीचा सीजीपीए ८.२. दहापैकी पास व्हायला ४ लागतात असं धरलं तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९. पण पास व्हायला ५ लागतात असं धरलं तर तोच सीजीपीए २.०८ होतो. मुलगी तीच, मार्क तेच. काही प्रोग्रॅम अर्जाची चाळणी अशाच आकड्यावर लावतात, म्हणून 'किमान उत्तीर्ण श्रेणी' किती हे परीक्षा विभागाच्या सही-शिक्क्यानिशी लिहून घेणं हे क्षुल्लक काम नाही.

शिवाय जर्मन विभाग विषय मोजतात. पदवीत गणित किती, थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्स किती, सिस्टिम्स किती, असे क्रेडिटचे कप्पे असतात आणि ते भरले नाहीत तर सीजीपीए ९.५ असला तरी नकार येतो. ई अँड टीसी आणि मेकॅनिकलची मुलं इथं अडकतात. अर्ज करण्याआधी आपला चार वर्षांचा अभ्यासक्रम घेऊन प्रत्येक विषय त्यांच्या कप्प्यात बसवून बघायचा. वहीत एक संध्याकाळ जाते, पण अर्जाचा खर्च वाचतो. त्याखेरीज भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारं, प्रमाणपत्र बंधनकारक आहे. त्याची फी १८,००० रुपये आणि वेळ काही आठवडे. तेव्हा युनिव्हर्सिट्या बघण्याआधी हे काम सुरू करावं.

अमेरिकेत असा काटेकोर हिशोब नसतो, तिथं अर्ज एकत्रित वाचतात. पण दोन ठिकाणी आपली मुलं अडखळतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी डिप्लोमाची गुणपत्रकंही लावायची असतात, नाहीतर पहिलं वर्ष गायब दिसतं. आणि बीसीए, बीसीएससारख्या तीन वर्षांच्या पदवीला बऱ्याच ठिकाणी पुरेसं धरत नाहीत. ज्या त्या प्रोग्रॅमला आधी मेल करून विचारलेलं बरं.

एसओपीवर, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निबंधावर, मी फार बोलत नाही. 'लहानपणी घरी कॉम्प्युटर आला तेव्हापासून' ही सुरुवात काढून टाका, एवढंच.

पैसे

इथं दाजी पुढं सरकून बसले.

एक हिशोब मांडू. समजा ५० लाखांचं कर्ज, व्याज साडेदहा टक्के. निम्मे पैसे सुरुवातीला, निम्मे वर्षानं. दोन वर्षं अभ्यासाची आणि सहा महिने सवलतीचे, या काळात हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. सरळव्याजानं धरलं तरी ते साडेदहा लाख होतं. म्हणजे फेड सुरू होते साडेसाठ लाखांची. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता साधारण ८१,६०० रुपये.

या आकड्याला एकच प्रश्न विचारायचा: तिकडं नोकरी लागली नाही आणि परत यावं लागलं, तर पुण्यातल्या पगारातून हा हप्ता जाईल का? ज्या प्रोग्रॅमला याचं उत्तर 'अजिबात नाही' असं येतं, त्यात आपण घर पणाला लावतोय हे माहीत असून जायचं. काहीजण जातात आणि त्यांचं बरं होतं. पण आईवडिलांना हा आकडा आधी कागदावर दिसला पाहिजे.

फी हा देशागणिक फार बदलणारा भाग आहे. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे सरसकट खरं राहिलेलं नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो लावले. जर्मनीत कुठंही गेलात तरी राहण्याखाण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिकनं २०२५ च्या शरद सत्रापासून परदेशी विद्यार्थ्यांची फी तिप्पट केली, ७३० वरून २,१९० फ्रँक प्रति सेमिस्टर, आणि तरीही ती बहुतेक अमेरिकन युनिव्हर्सिट्यांच्या मानानं किरकोळ आहे. महाग आहे ते झुरिकमधलं राहणं.

जॉर्जिया टेकचं ऑनलाइन मास्टर्स २०१४ पासून चालू आहे. सगळी फी मिळून दहा हजार डॉलरच्या आत, आणि सांगलीत बसून करता येतं. त्यावर व्हिसा मिळत नाही. शिकायचंय की जायचंय, हे मनाशी ठरवायला ते बरं पडतं. उत्तर 'जायचंय' असलं तरी लाजू नये, पण मग पुढचा भाग नीट वाचावा.

पदवीनंतरचे महिने

अमेरिकेत एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, पदवीनंतर बारा महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. प्रोग्रॅम सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी चोवीस. हे प्रोग्रॅमच्या कोडवर ठरतं, नावावर नाही. तो कोड विचारून घ्यायचा, व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या आय-ट्वेंटी फॉर्मवरही तो छापलेला असतो. पुढं एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा: वर्षाला ६५,००० आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी वेगळे २०,०००. त्या वीस हजारांत बसायला पदवी सरकारी किंवा ना-नफा मान्यताप्राप्त संस्थेची लागते. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेतून एमएस केलेल्यांना ही रांग बंद असते, आणि हे बऱ्याचजणांना फार उशिरा कळतं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काचा आदेश निघाला. तो अमेरिकेबाहेरून कामावर घेतलेल्यांना जास्त झोंबतो, पण कंपन्या बिचकल्या त्या बिचकल्याच.

इतर देशांचं थोडक्यात: जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने, आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर चोवीस. ब्रिटनचं मास्टर्स एका वर्षात उरकतं, पण पदवीनंतर तिथं राहून काम करू देणारा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट रूट १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिन्यांचा होणार आहे. जर्मनीत वर्ग इंग्रजीत असले तरी बहुतेक नोकऱ्यांना जर्मन लागतं. बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, ते इथंच शिकून जावं.

आणि एक रस्ता, जो आपल्या भागात कुणी सांगतच नाही. अमेरिकेत बीई झाल्यावर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. आधी एमएस लागतंच असं नाही. प्रवेश मिळाला तर फी माफ आणि वर स्टायपेंड. पाचएक वर्षं द्यावी लागतात, संशोधनाची खरी ओढ लागते आणि प्रवेश अवघड असतो. पण कर्जाशिवाय जायचा हा सगळ्यात सरळ दरवाजा आहे. माझ्या वेळी मला वाटायचं पीएचडी म्हणजे एमएसनंतरची पायरी. कुणी सांगितलंच नाही, मीही विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत बावीसच्या नऊ ओळी झाल्या. रकाने मात्र चाराचे अकरा झाले. रँकचा रकाना तिनं पुसला नाही, नुसता उजवीकडं टोकाला ढकलला. कंपायलरवाले तीन विभाग वर आले, त्यातल्या दोघांची नावं दाजींना अजून म्हणता येत नाहीत. सोमवारी परीक्षा विभागात जाऊन पासच्या श्रेणीचं पत्र मागायचं ठरलं.

दाजींनी मग पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरातला सातबारा काढला. पाण्याखालची चार एकर बाग. "बँकवाला म्हणतोय शेतजमीन तारण चालत नाही. एवढी जमीन असून?"

मी सांगितलं, यात बँकेचाही नाइलाज आहे. कर्ज थकल्यावर तारण जप्त करायचा जो सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून बँका घर, फ्लॅट किंवा एनए प्लॉट मागतात. तोवर जे. एन. टाटा एंडोमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीचा अर्जही भरून ठेवा, १८९२ पासून चालू आहे ती.

दाजींनी सातबारा घडी घालून परत कव्हरात सरकवला. ताईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मिरज रोडचा गुंठेवारीतला प्लॉट हाय. नियमित करून घेतलाय. त्यो चालंल?"

"सर्टिफिकेट आहे?"

"असंल. ट्रंकेत बघाय लागंल."